दहा गुण कुणाचे गेले?

२०२३ ची दिवाळी. भाऊबीज नुकतीच झालेली, फराळाचे डबे तळाला लागलेले, आणि मुंबईहून आलेला माझा पुतण्या पडवीत मोबाईल घेऊन असा बसला होता की घरातल्या बायकांनी दोनदा विचारलं, कुणाचं काही बरं-वाईट झालं का. तारीख १७ नोव्हेंबर. शेवटी मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काका, आमचे धा पॉइंट कापल्यानी."

आमचे म्हणजे एव्हर्टनचे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातला १८७८ सालचा क्लब. पुतण्या तिथे कधी गेलेला नाही. शाळेत असताना कुणीतरी निळा टी-शर्ट दिला, आणि तेव्हापासून तो निळाच. त्या दिवशी त्याचा संघ १४ गुणांवर होता, तो ४ वर आला. मैदानावर काहीच घडलं नव्हतं. जे घडलं ते हिशेबाच्या वहीत.

"पैसे कुणी उधळले?"

"मालकान."

"मग?"

"ताच तर इचारतंय मी. खर्च मालकान केल्यान, शिक्षा आमका कित्या?"

मी मालवणात हिशेब लिहितो. ट्रॉलरवाले, आंबा बागायतदार, दोन-चार खानावळी, एक बर्फाची फॅक्टरी. फुटबॉलमधला ऑफसाइड मला अजून कळलेला नाही, पण बुडीत खातं लांबून ओळखू येतं. म्हणून त्याच्या प्रश्नाच्या मागे लागलो. जे हाती आलं ते इथे मांडतो.

आधी तो नियम. प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात वरची फुटबॉल श्रेणी. तिथल्या क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा करायची मुभा होती. हो, तोट्याची मुभा. आपल्या पैशात हजार कोटींच्या वर. हा आकडा मी आमच्या एका खानावळवाल्याला सांगितला, तर तो म्हणाला, अशी मुभा बँक मला का देत नाही. पण त्यात मेख आहे. यातले फक्त दीड कोटी पौंड क्लबने आपल्या बळावर सोसायचे. उरलेले ९ कोटी मालकाने भांडवल म्हणून ओतायचे, कर्ज म्हणून दिलेले चालत नाहीत. स्टेडियम, लहान मुलांची अकादमी, महिला संघ यांवरचा खर्च या हिशेबातून बाहेर. एव्हर्टनचा तोटा १२.४५ कोटी धरला गेला. नव्या स्टेडियमच्या कामाचं व्याज कुठल्या रकान्यात टाकायचं यावर क्लब भांडला आणि हरला. पुढे अपिलात दहाचे सहा झाले, आणि दुसऱ्या वर्षांच्या हिशेबापोटी आणखी दोन गेले. २०२६-२७ पासून ही पद्धत बदलते आहे: संघावरचा खर्च कमाईच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. युरोपातल्या स्पर्धांसाठी युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेची मर्यादा याहून कडक, ७० टक्के.

पण तोटा म्हणजे नक्की काय? इथे आमच्या धंद्याची कारागिरी सुरू होते.

समजा क्लबने १० कोटी पौंडांना खेळाडू घेतला, पाच वर्षांच्या करारावर. वहीत त्या वर्षी दहा कोटी खर्च पडत नाही, दोन पडतो. दरवर्षी दोन, पाच वर्षं. होडीचं इंजिन घेतलं की आपण घसारा लावतो, तसंच हे. मग कुणीतरी डोकं चालवलं: करारच आठ वर्षांचा केला तर? लंडनच्या चेल्सी क्लबने तसं केलं, दरवर्षीचा खर्च लहान दिसू लागला, आणि २०२३ मध्ये युएफाने व प्रीमियर लीगने पाच वर्षांची मर्यादा घालून ती फट बुजवली.

विकताना गंमत उलटी होते. बाहेरून घेतलेला खेळाडू विकला तर त्याची वहीतली उरलेली किंमत वजा करून नफा निघतो. पण क्लबच्याच अकादमीत वाढलेला मुलगा विकला तर सगळी रक्कम नफा. परसातल्या फणसाला कुठे खरेदी किंमत असते! म्हणून हिशेब जुळवायची वेळ आली की क्लब घरचा मुलगा बाजारात काढतात. चेल्सीने २०२३ मध्ये मेसन माउंट विकला, २०२४ मध्ये कॉनर गॅलघर. दोघंही लहानपणापासून तिथेच वाढलेले. समर्थकांना सगळ्यात जास्त हेच लागतं. क्लब जपायला आणलेल्या नियमाने नेमका तो खेळाडू जातो, ज्याच्यात त्यांना आपल्या गल्लीतला पोर दिसत असतो.

आणि एका खिशातून दुसऱ्या खिशात घालण्याचे प्रकार तर आहेतच. चेल्सीने आपली दोन हॉटेलं आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली. डर्बी काउंटीच्या मालकाने क्लबचं स्टेडियम स्वतःच ८ कोटींना विकत घेतलं. मी असं केलं असतं तर आयकर खात्याची नोटीस पोस्टमनच्या आधी पोचली असती.

आता "न्याय" या शब्दाकडे येऊ. समर्थक एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन. एकाच्या लेखी न्याय म्हणजे कुठलाही क्लब कर्जात बुडू नये. दुसऱ्याच्या लेखी न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं मैदान मिळावं. नियम पहिल्या गोष्टीसाठी लिहिलेला आहे. लोक त्याच्याकडून दुसरी मागतात.

बंदरावरचं उदाहरण घ्या. उद्या असा नियम आला की ज्याने त्याने आपल्या मासळीच्या कमाईतूनच डिझेल भरावं, सावकाराकडून उचल नको. ऐकायला किती शहाणपणाचं! पण मोठ्या जाळ्याच्या पर्ससीनवाल्याची कमाई मोठी, तो टाकी भरून खोल जाईल आणि आणखी मोठी मासळी आणेल. लहान होडीवाला कमाईपुरतं डिझेल भरून किनाऱ्यालगतच घुटमळेल. बुडणार कुणी नाही हे खरं. पण पुढे गेलेला कायमचा पुढे. न्यूकॅसलचे समर्थक नेमकं हेच म्हणतात. २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने त्यांचा क्लब घेतला, पैसा आहे पण ओतता येत नाही. त्यांना हा नियम म्हणजे आधीच आत शिरलेल्यांनी लावून घेतलेली कडी वाटतो. बर्नली किंवा ब्रेंटफर्डसारख्या लहान क्लबच्या माणसाला विचारा, तो म्हणेल, आम्ही अंथरूण पाहून पाय पसरतो, मग शेजाऱ्याने उसन्या चादरीवर का लोळावं? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, असं म्हणून सुटता येईल. मला मात्र दुसऱ्याचं जास्त पटतं, कारण उसनी चादर ओढून घेतल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

आंब्याच्या धंद्यात दलालाकडून उचल घेणं नवीन नाही. मोहोर दिसायच्या आधीच वाशीच्या दलालाचे पैसे घेतले, फवारणी केली, राखण ठेवली. मोहोर टिकला तर फिटतं. अवकाळी पाऊस आला, तुडतुडा पडला, की पेट्या कमी आणि उचल तेवढीच. इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेड क्लबने हाच खेळ खेळला, फक्त एका हंगामावर नव्हे, पंचवीस वर्षांच्या मोहोरावर. पुढच्या पंचवीस वर्षांच्या तिकिटविक्रीच्या भरवशावर त्यांनी ६ कोटी पौंड उचलले. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचलेही. पण पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत जागा मिळाली नाही आणि जो पैसा येणारच असं धरलं होतं तो आला नाही. चांगले खेळाडू एकेक करून विकले, २००४ मध्ये खालच्या श्रेणीत घसरले, २००७ मध्ये नादारीत गेले.

नादारीत जाणं म्हणजे तिथे काय होतं? क्लबला देणी भागवता येत नाहीत असं झालं की एक प्रशासक येतो. देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना, काही काळ हात बांधून बसावं लागतं, प्रशासक खरेदीदार शोधतो, देणेकऱ्यांशी तोडगा काढतो: पौंडामागे अमुक पेन्स घ्या आणि मोकळं करा. आपल्याकडे २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत साधारण याच वळणाची व्यवस्था आहे. आणि त्याच वेळी लीग गुण कापते. प्रीमियर लीगमध्ये नऊ, खालच्या श्रेणींत आता बारा.

गुण का कापतात? पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर लेस्टर सिटी या क्लबच्या गोष्टीत सापडलं. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये लेस्टर नादारीत गेलं, बरीचशी देणी झटकून हलकं झालं, आणि त्याच हंगामात बढती मिळवून वर गेलं. बाकीच्या क्लबांचे समर्थक खवळले. खवळणारच! आमच्या क्लबने खेळाडूंचे पगार द्यायला खेळाडू विकले, यांनी देणी बुडवली आणि खेळाडू ठेवले. त्यानंतर २००४ मध्ये दहा गुण कापण्याचा नियम आला. म्हणजे शिक्षा मालकासाठी नव्हती, स्पर्धेसाठी होती: बुडवून मिळवलेला फायदा काढून घ्यायला. फायदा मैदानावर झाला तर भरपाईही मैदानावरच. तर्क चुकीचा नाही. फक्त मैदानाभोवती बसलेली माणसं त्या तर्कात कुठेच नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून आमच्या बंदरावर हाणामारी होईल.

समजा एक ट्रॉलर बुडीत निघाला. समुद्रात नव्हे, वहीत. मालकाने पैसे द्यायचे ते डिझेलवाल्याचे, बर्फ फॅक्टरीचे, जाळीवाल्याचे, किराणा दुकानाचे, होडी चालवणाऱ्या तांडेलाचे, खलाशांचे, आणि ज्या शेजारच्या मालकाकडून त्याने हप्त्यांवर होडी घेतली त्याचेही. आता नियम असा की तांडेलाचे आणि दुसऱ्या होडीमालकाचे पैसे पैन्‌पै चुकते करायचे. ते केले नाहीत तर बंदरात होडी लावू देणार नाही. डिझेलवाला, बर्फवाला, किराणावाला यांनी मात्र उरलंसुरलं वाटून घ्यायचं. पटेल कुणाला?

इंग्लंडमध्ये याला फुटबॉल देणेकऱ्यांचा नियम म्हणतात. खेळाडूंचे थकलेले पगार आणि दुसऱ्या क्लबांचे हप्ते पूर्ण द्यायचे, नाहीतर लीगमधली जागा जाते. पोर्ट्समथ २०१० च्या फेब्रुवारीत नादारीत गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना नादारीत जाणारा तो पहिलाच क्लब. दोनच वर्षांपूर्वी त्याने एफए कप ही देशातली मोठी स्पर्धा जिंकली होती. त्या एका हंगामात त्याने चार मालक पाहिले. आमच्याकडे देवळाचा पुजारीसुद्धा इतक्या लवकर बदलत नाही. देणेकऱ्यांची यादी बाहेर आली तेव्हा त्यात सामन्याच्या वेळी प्रथमोपचाराला उभे राहणारे सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे स्वयंसेवकही होते. लाखांनी पगार घेणाऱ्या खेळाडूला सगळे, आणि बँडेज बांधणाऱ्याला पौंडामागे काही पेन्स.

नियमाची बाजूही ऐकायला हवी. क्लब एकमेकांना खेळाडू हप्त्यांवर विकतात. एकाने हप्ते बुडवले की त्याच्या भरवशावर खर्च केलेला दुसरा बुडतो, मग तिसरा. साखळी तुटू नये म्हणून ही तरतूद. ब्रिटनच्या कर खात्याने नियमाविरुद्ध दावा लावला, २०१२ मध्ये ते हरले. पण आपल्या निकालाला या पद्धतीची भलामण समजू नये, असंही न्यायाधीशांनी बजावलं. समर्थकांत यावरून दोन तट आहेत. मला आठवतं ते आमच्याकडच्या एका पतसंस्थेचं दार बंद झालं तेव्हाचं. बाहेर रांग होती, हातात पासबुकं होती. पैसे मिळाले नाहीत तरी रांगेत उभं राहायचा हक्क होता. समर्थकाकडे पासबुक नाही. आपल्या नादारी संहितेच्या ५३ व्या कलमात कुणाला कोणत्या क्रमाने द्यायचं याची उतरंड आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणधारक, मग इतर नोकरदार, असं करत सगळ्यात शेवटी साधा भागधारक. क्लब कंपनी असेल तर समर्थक त्या शेवटच्या ओळीतही नाही. त्याला कुणी काहीच देणं लागत नाही, कारण त्याने दिलेलं कुठे लिहूनच ठेवलेलं नाही.

इंग्लंडमधल्या बरी नावाच्या गावात तर रांगही उरली नाही. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ साली एफए कप जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरात एका पौंडाला विकला गेला. २०१९ च्या वसंतात संघाने बढती मिळवली, आणि २७ ऑगस्टला लीगने क्लबला काढून टाकलं, कारण पैसे आहेत हे मालक दाखवू शकला नाही. मैदानावर जिंकलेल्या वर्षातच गावातलं फुटबॉल बंद. आदल्या दिवसांत समर्थक स्टेडियम झाडायला, खुर्च्या पुसायला जमले होते, उद्या सामना होईल या आशेने.

पोर्ट्समथची माणसं जास्त नशीबवान, की जास्त चिवट, ठरवणं कठीण. २०१२ मध्ये क्लब दुसऱ्यांदा नादारीत गेला, घसरत घसरत चौथ्या श्रेणीत पोचला. तेव्हा समर्थकांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेतले, दोन हजारांहून अधिक जणांनी, आणि २०१३ मध्ये क्लबच विकत घेतला.

हे वाचताना मला रापण आठवली. जाळं एका माणसाचं नाही, संघाचं. पहाटे दोन्ही बाजूंनी दोर ओढायचे आणि मासळी आली की वाटे पाडायचे. जाळ्याचाही वाटा असतो, कारण ते दुरुस्त करावं लागतं. कर्ज नाही, म्हणून बुडण्याची भीती नाही. पण रापणीतून ट्रॉलर घेण्याइतका पैसा उभा राहत नाही, हेही तितकंच खरं. पोर्ट्समथच्या समर्थकांनी जुनी देणी फेडली, २०१७ मध्ये चौथी श्रेणी जिंकली, आणि त्याच वर्षी ५६.७ लाख पौंडांना क्लब मायकेल आयझनर या डिस्नेच्या माजी प्रमुखाला विकला. भागधारकांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक विकण्याच्या बाजूने. स्टेडियम जुनं झालं होतं, दुरुस्तीला कोट्यवधी हवे होते. वेल्समधल्या रेक्सहॅममध्येही तेच: २०११ पासून समर्थकांच्या ताब्यात असलेला क्लब २०२० मध्ये दोन नटांना द्यावा, असं मत देणाऱ्यांपैकी ९८.६ टक्क्यांनी ठरवलं. जर्मनीने मधला रस्ता काढला आहे. बाहेरचा पैसा चालतो, पण मतांमध्ये अर्ध्याहून एक जास्त क्लबच्या सभासदांकडेच हवं. तिकडची तिकिटं स्वस्त आहेत आणि बायर्न म्युनिक वर्षानुवर्षं जिंकतं. दोन्ही गोष्टी एकाच नियमाखाली.

आपल्या बाजूला काय? इथे क्लब कर्जात बुडत नाहीत, दिवा मालवावा तसे मालवतात. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये. कंपनीने ठरवलं आणि संपलं. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिघे २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यावर रुसून. धेंपोने देशाचं विजेतेपद पाच वेळा मिळवलं होतं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची माणसं मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सामना बघायला जातात, कारण आपल्याकडे ओव्हरआर्म क्रिकेट आणि कबड्डी सोडून फारसं काही नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर हे झालं. एफसी पुणे सिटीचं तर २०१९ मध्ये हैदराबाद झालं आणि पुढे हैदराबादचं दिल्ली. जागा फ्रँचायझीची, गाव भाड्याचं. तिथे गुण कापायचा प्रश्नच येत नाही.

इंग्लंडमध्ये २०२५ च्या जुलैत कायदाच आला. सरकारने स्वतंत्र नियामक नेमला. क्लबला आता परवाना लागेल, पैशाचा आराखडा दाखवावा लागेल, समर्थकांशी नेमाने बोलावं लागेल, परवानगीशिवाय स्टेडियम विकता येणार नाही. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर समर्थकांच्या बहुमताचा पाठिंबा आहे याची खात्री करून घ्यावी लागेल. हे कलम का, ते कार्डिफच्या लोकांना विचारा. २०१२ मध्ये मालकाने त्यांचा निळा संघ लाल केला, पुन्हा निळा व्हायला २०१५ उजाडलं.

परवा पुतण्या आला तेव्हा मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. रंगाच्या कलमावर तो खूश झाला. मग मी पुढची ओळ वाचून दाखवली: बहुमत मोजायचं ते इंग्लंड आणि वेल्समधल्या समर्थकांचं.

"म्हणजे माका धरूचे नाय?"

"नाय."

तो थोडा वेळ गप्प बसला. रात्री दीडचा सामना होता. त्याने सव्वा एकचा गजर लावला, उशीखाली मोबाईल सरकवला आणि म्हणाला, "आवाज बारीक ठेवतंय, काकी उठूक नको."